दादाची पाथरी, माझं लॉन

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कलकत्त्यात सियालदहजवळच्या घाऊक बाजारात तणनाशक विकत घेत होतो. तो योगायोग नव्हता. पावसाळ्यात दर वर्षी मी ते घेतो, आणि दर वर्षी त्याचं कारण दादाच असे. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, या. हे सकाळी उठलेच नाहीत..." मी टॅक्सी केली. बेहालाला घरी पोचेपर्यंत बाटली मांडीवरच होती.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. मध्यंतरी इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. बोलणाऱ्या प्रत्येकानं दादाला निसर्गप्रेमी म्हटलं. एकानं तर तो फुलांशी बोलायचा असंही सांगून टाकलं. मी त्याच घरात, खालच्या मजल्यावर, जन्मभर राहिलो आहे. दादा कुंडीतल्या तुळशीलाही पाणी घालत नसे, ते वहिनी घालत. त्याला कौतुक एकाच वनस्पतीचं होतं. ती पाथरी. पानं जमिनीला चिकटून पसरलेली, करवतीसारखी कातरलेली, मधून वीतभर दांडा आणि त्यावर पिवळं फूल. सकाळी उमलतं, दुपारी मिटतं, मग त्याचा पांढरा कापूस होतो आणि वाऱ्यावर उडून दुसऱ्याच्या जागेत पडतो. परदेशी असलेला त्याचा मुलगा फोटो पाहून तिला डँडेलियन म्हणायचा. ती डँडेलियन नव्हे, पण खोडी तीच. आमचा माळी तिला सरळ 'आगाछा' म्हणतो. बंगालीत आगाछा म्हणजे तण. मी माळ्याच्या बाजूचा आहे.

घर वडिलांचं. ते गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत होते. त्यांनी वरचा मजला दादाला दिला, खालचा मला, आणि लॉन दोघांत सामाईक ठेवलं. वडिलांनी आयुष्यात केलेला हा एकमेव अव्यवहारी करार. लॉन चाळीस फूट बाय पंचवीस. भिंतीलगतची सहा फूट रुंदीची पट्टी दादानं पाथरीला सोडली होती, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. त्या पट्टीत कुदळ, खुरपं, काहीही लावायचं नाही हा त्याचा नियम. कारण ऋषिपंचमी. त्या दिवशी नांगराशिवाय उगवलेलीच भाजी खायची असते. आई लग्न होऊन कलकत्त्याला आली तेव्हा इथल्या बाजारातली कुठली भाजी बिननांगराची, हे तिला कोण सांगणार? काहीबाही घेऊन भागवायची आणि दिवसभर मनात खंत करत बसायची. एका वर्षी भिंतीपाशी तिला आपोआप उगवलेली पाथरी दिसली. ती हरखली म्हणे. दादा तेव्हा दहा वर्षांचा होता, मी दोन. मला यातलं काहीच आठवत नाही, आणि न आठवणाऱ्या गोष्टीसाठी चौथा हिस्सा लॉन देणं मला कधी पटलं नाही.

आई गेल्यावर ही पट्टी जणू सार्वजनिक झाली. ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी मंडळातल्या बायका पिशव्या घेऊन येत. दादा बजबजच्या तेल डेपोतून निवृत्त झालेला, वेळच वेळ. लॉनच्या मधोमध खुर्ची टाकून बसायचा आणि प्रत्येकीला आईची गोष्ट पहिल्यापासून ऐकवायचा. माती झटकून पानं निवडत बसायच्या त्या वहिनी.

आमचं भांडण ठरलेलं असे, सुरुवात दादाची. "सुध्या, तू गवताला खत घालतोस, पाणी घालतोस, आणि ते तुला देतं काय? ही बघ, काही न मागता ताटात येते."

"मग ताटातच ठेव तिला. माझ्या लॉनवर कशाला पाठवतोस?"

"तुझं लॉन म्हणजे तुझ्या बँकेचं काउंटर. चकचकीत, आणि कुणी फार वेळ उभं राहू नये असं."

मी ऑडिटमध्ये नोकरी केली, काउंटरवर कधी बसलो नाही. हे त्याला माहीत होतं. तरी दर वेळी तेच.

रोज सकाळी खिडकीतून मला त्याची पाठ दिसे. पट्टीच्या कडेला उकिडवा बसलेला. मला वाटे, चाललंय फुलांचं कौतुक, तेही मुद्दाम माझ्या खिडकीसमोर. माझ्या गवतात पाथरीची रोपं क्वचितच निघत. त्याचं श्रेय मी माझ्या तणनाशकाला देत असे.

तेराव्यानंतर पावसानं उघडीप दिली. आठवड्याभरात माझ्या लॉनमध्ये जिकडेतिकडे कोवळी पाथरी दिसायला लागली. बाटली तीच, प्रमाण तेच, फवारणी मी स्वतः केलेली. मी वर जाऊन वहिनींना सांगितलं की आता ही पट्टी खणून काढणार.

"खणा," त्या म्हणाल्या. "पानं निवडून माझी बोटं काळी व्हायची, त्याचं कुणाला काय होतं? पण तुमच्या गवतात येणारच ती आता. कापायला कोण आहे?"

"काय कापायला?"

"फुलं हो. खणायचं तर नाही, म्हणून हे रोज कात्रीनं कापायचे. कापूस धरायच्या आत. भिंतीकडची ठेवायची, लॉनकडची कापायची. सुध्या बोंबलेल म्हणायचे."

इतकी वर्षं तो माझ्याशी भांडत राहिला आणि हे एकदाही म्हणाला नाही. शोकसभेतल्या मंडळींना हे कळलं तर ते डोळे पुसतील. मी पुसणार नाही. आपलं काम लपवून समोरच्याला चुकीचा हिशेब करू देणं याला मी प्रेम म्हणत नाही, कुरघोडी म्हणतो. तो शेवटची कुरघोडी करून गेला, आणि उत्तर द्यायला मला जागा ठेवली नाही.

यंदा आमच्याकडे सण नाही. तरी बायकांचे फोन सुरू झालेत, "पाथरी आहे ना यंदा?" वहिनी सांगतात, "आहे. या, घेऊन जा. निवडायला मी बसणार नाही." पट्टी अजून तशीच आहे. माळ्याला मी सध्या थांब म्हटलंय.

कात्री बागेच्या नळाशेजारी खिळ्याला टांगलेली असते. रोज समोर असून मला ती कधी दिसली नव्हती. आता सकाळी मी उकिडवा बसतो आणि लॉनकडची फुलं कापतो. गुडघे दुखतात. कात्रीला धार अजिबात नाही, एकेक दांडा दोनदा दाबावा लागतो. इतकी वर्षं रोज वापरून त्यानं ती एकदाही धार लावून आणली नाही. असा होता तो.