आबांवरची पाच मिनिटं

जळगावात एका दातांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला बसते. सुजलेले गाल घेऊन आलेल्या माणसांना थांबवून ठेवणं हे माझं काम. ती चिडू नयेत म्हणून मी काहीबाही सांगायचे. ती हसायची, हसल्यावर ठणका लागायचा आणि मग माझ्यावरच चिडायची. शेवटी आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "माझे पेशंट दुखवण्यापेक्षा त्या नव्या कॅफेत जा. रविवारी संध्याकाळी ओपन माइक असतो. कोणालाही पाच मिनिटं बोलू देतात."

पंधरा दिवस मी तयारी केली. मोबाइलवर बघितलेल्या कॉमेडियनांसारखंच लिहिलं: मेट्रो, डेटिंग, फ्लॅटमेट. जळगावात मेट्रो नाही आणि मी कधी कोणाबरोबर साधा चहाही प्यायले नव्हते. पहिली दोन मिनिटं कोणी हूं की चूं केलं नाही. समोरचा एक जण सँडविचमधला कांदा वेचून बाजूला ठेवत होता. पाठ केलेलं सगळं विसरले, आणि घाबरून मी आबांबद्दल बोलायला लागले.

आबा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं डाळमिलमध्ये मशीनवर काढली, त्यात डावा कान गेला, उजवाही जेमतेम. मागच्या वर्षी मला बघायला नशिराबादची मंडळी आली तेव्हा आई दारातून म्हणाली, "अहो, पाहुणे आले." आबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पावणेआठ कुठले? आत्ताशी साडेसात होताहेत."

लोक हसले. कांदा वेचणाराही हसला. उरलेली तीन मिनिटं मी आबांना किती आणि कसं ऐकू येत नाही तेवढंच सांगितलं, आणि घरी गेले ती पाय जमिनीला न लावता.

चार दिवसांनी मी दवाखान्यातून परत आले तर आबा खाटेवर बसून माझीच वाट बघत होते. त्यांच्या मिलमधल्या एका जुन्या सोबत्याची मुलगी त्या कॅफेत होती.

"तू माह्याबद्दल काय बोलली?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, आबा. गंमत."

"मग मले बी सांग."

मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले आणि सगळं पहिल्यापासून म्हणून दाखवलं. मोठ्यानं म्हणावं लागलं, आणि प्रत्येक विनोद दोनदा. विनोद दुसऱ्यांदा ओरडून सांगताना किती ओंगळ वाटतो, ते त्या दिवशी कळलं. शेजारच्या अक्का दारात येऊन विचारून गेल्या, "का गं, भांडण चाललंय का?"

आबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "लोकं हासले?"

"हासले."

"पाहुणे आले, ते मले ऐकू आलं होतं."

मला वाटलं, आता मलाच नीट ऐकू आलं नाही.

"तुह्या चेहऱ्याकडे पाह्यलं म्या," ते म्हणाले. "तुले तो पोरगा पसंत नव्हता. तू तं काही बोलत नव्हती."

मग मला ती संध्याकाळ पुन्हा दिसायला लागली. मुलाच्या मामांनी विचारलं होतं, लग्नात काय करणार? आबांनी त्यांना यंदा तूर कशी भिजली ते सविस्तर सांगितलं. मामांनी तोच प्रश्न जोरात विचारला, तर आबा म्हणाले, हो, हरभऱ्याचंही तसंच. बरोबर आलेल्या मावशीबाईंनी तर हातवारे करून बघितले. अर्ध्या तासात पाहुणे उठले, परत निरोप आला नाही, आणि आई आठवडाभर आबांशी बोलली नाही. मी मात्र तो सगळा बहिरेपणा समजून माइकवर विकला होता.

"हे आईला माहीत आहे?"

"नाही. आणि स्टेजवर सांगू नको. आणखी एखादं स्थळ आलं तं कामा येईल."

पुढच्या महिन्यात धुळ्याला एका वाचनालयाच्या हॉलमध्ये दुपारचा असाच ओपन माइकचा कार्यक्रम होता. आबा म्हणाले, मी येतो. आम्ही एसटीनं गेलो. त्यांना मी पहिल्या रांगेत बसवलं आणि त्यांच्यासमोरच त्यांच्यावर पाच मिनिटं बोलले, घड्याळापर्यंतचंच. ते चेहरा कोरा ठेवून बसले. लोक मला बघून हसत होते आणि त्यांना बघून जास्त. नंतर एक म्हाताऱ्या बाई माझ्याजवळ आल्या आणि अहिराणीत म्हणाल्या, "मना घरमा बी असाच एक शे." मग आबांकडे बघून त्यांनी हात जोडले.

परतीच्या बसमध्ये आबा झोपले. मी खिडकीशी वही उघडून बसले, पण काही सुचेना. पाहुणे आले त्या संध्याकाळी पोह्यांचा ट्रे घेऊन मी उभी होते. मला नको होतं, आणि नको म्हणायला तोंड मलाही होतं. माणसांना हसवून दोन-दोन तास थांबवून ठेवणारी मी, तिथे एक शब्द बोलले नव्हते.

त्यानंतर मी माझ्या गप्प बसण्यावर पाच मिनिटं लिहिली. पहिल्यांदा केली तेव्हा फार कोणी हसलं नाही. मग मी आईला खरं काय ते सांगितलं, आबांच्या परवानगीनं. स्थळांना आता मीच नाही म्हणते.