गिअरच्या दांडीवरचे धागे

पहिला गिअर पडेना, इथून हे सगळं सुरू झालं. गाडी सतरा वर्षांची, माझ्यासारखीच निवृत्तीला आलेली. पण दुसरा, तिसरा, चौथा लोण्यासारखे पडायचे आणि पहिल्याला तेवढी दांडी पुढे जायची नाही. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे असं काही दिसलं की मला चैन पडत नाही. क्लच बिघडला असता तर सगळेच गिअर रुसले असते, मग हा एकटाच का? गॅरेजवाल्याने क्लचची तार ओढून दिली, गिअरचं ऑइल बदललं आणि शेवटी "डब्बा खोला लागीन" म्हणून हात झटकले. गिअरबॉक्स खोलायचा म्हणजे गाडी आठवडाभर अडकणार. ते मला परवडणारं नव्हतं, कारण आठवड्यातून दोनदा बायकोला डायलिसिससाठी मोताळ्याहून बुलढाण्याला न्यावं लागतं. एक खेप चुकली की अंगावर सूज चढते, धाप लागते आणि रात्रभर ती उशीला टेकून बसून राहते. म्हणून पंधरा दिवस मी दुसऱ्या गिअरवरच गाडी उचलत होतो.

त्या दिवशी दवाखान्यात दहाची वेळ होती. वाटेतल्या राजूर घाटाच्या तोंडाशी दरड साफ करणाऱ्यांनी गाड्या थांबवल्या. रस्ता मोकळा झाला तेव्हा पुढे सरळ चढ. दुसऱ्यावर गाडी उचलली की बंद पडे. तीन वेळा पडली, क्लच जळाल्याचा वास सुटला. मागून हॉर्नचा कल्लोळ. दोघातिघांनी ढकलून आम्हाला कडेला लावलं आणि ते निघून गेले. गाडी गॅरेजमध्ये असताना चुकलेल्या एका खेपेतून ही नुकती सावरत होती. शेजारी ती डोळे मिटून बसलेली, पायाच्या घोट्यांवर सूज. मी मनात देवीला चक्क रागावून विचारलं, "एवढं करूनही तू आहेस तरी का?"

कडेला एक म्हातारे गृहस्थ टोपलीत सीताफळं मांडून बसले होते. निळा गमछा, कानाला चष्म्याची दोरी. ते उठून आले, "जय भीम" म्हणाले. पूर्वी एसटीच्या वर्कशॉपात फिटर होते, असं बोलण्यातून कळलं.

"काय होऊन राह्यलं, गुरुजी?" त्यांनी विचारलं. गुरुजी कसं ओळखलं कोण जाणे, तोंडावर लिहिलेलं असावं.

मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "इंजिन बंद करा. आता टाका पहिला."

टाकला. पडला नाही.

"हाव! बंद गाडीत बी पडत नाही, म्हंजे क्लचचा दोष नाही. बाकीचे पडतात, म्हंजे डब्बा बी ठीकच असंल. पहिल्यासाठी दांडी डाव्या अंगाले पुढच्या कोपऱ्यात लय लवते. तिलेच कायतरी अडून राह्यलं. दांडीच्या बुडाचं हे झाकण उचला बरं."

माझा हात थबकला, कारण त्या रबरी झाकणाखाली काय आहे हे मला माहीत होतं. दोन वर्षं दर पौर्णिमेला मी देवळातून हिच्या नावाचा लाल धागा आणत होतो. मनगटाला बांधला तर जुने विद्यार्थी हसतील, म्हणून दांडीला बांधायचो, आणि दिसू नये म्हणून झाकणाखाली खोल सारायचो. तिथे आता तेला-धुळीने कडक झालेला, अंगठ्याएवढा जाड वेढा बसला होता. विज्ञानाच्या मास्तराला हे सुचू नये! खरं तर सुचलं होतं, पण तिकडे बघायचीच भीती वाटत होती. हे धागे काढले आणि हिला काही झालं तर?

म्हाताऱ्यांनी खिशातला चाकू काढला आणि उलटा, मुठीकडून माझ्यापुढे धरला. "मी हे मानत नाही, गुरुजी. पण तुम्ही मानता. म्हून मी हात लावत नाही. तुमचं तुम्हीच काढा."

मी चाकू घेऊन तसाच बसलो. तेवढ्यात हिने डोळे उघडले, झाकणाखालचा गुंता पाहिला आणि सगळं समजली. "माह्यासाठी बांधले? अन् मलेच सांगलं नाही? आना तो चाकू इकडं. देवीले का धाग्याबिगर समजत नाही?" सुजलेल्या बोटांनी तिने एकेक वेढा कापला आणि तो गुंता पदराच्या टोकात बांधून घेतला. मला रडू आलं, आणि लाज वाटली नाही.

पहिला गिअर टक्कन पडला. पावणेदहाला आम्ही दवाखान्यात होतो. खेप चुकली नाही.

दुपारी उतरताना मुद्दाम थांबलो. चमत्काराच्या गोष्टींत मदत करणारा माणूस नंतर सापडत नाही, असं ऐकलेलं. हे मात्र तिथंच, टोपलीशेजारी भाकरी खात होते. त्यांनी हिच्यासाठी दोन सीताफळं दिली. डायलिसिसमुळे तिला ते फळ वर्ज्य, तरी तिने ती घेऊन छातीशी धरली. माझ्या मनातलं कुतूहल काही शमेना. म्हटलं, "दादा, आज नेमके इथं कसे बसलात?"

ते हसले. "आज नेमका? दोन सालापासून इथंच बसून राह्यलो, गुरुजी. सीताफळं संपले की बोरं घेऊन. तुमची गाडी हप्त्यातून दोनदा जाते, तेबी पाहतो. तुम्हीच कधी थांबले नाही."

मी हात जोडले. दोन वर्षं मी मदत मागत त्यांच्या समोरूनच भरधाव जात होतो. कुणी त्यांना तिथे बसवलं होतं का, याचा मी पुष्कळ विचार केला, आणि आता तो सोडून दिला आहे. ही अजून आजारीच आहे, खेपा चालूच आहेत. पण हल्ली घाटाच्या तोंडाशी आम्ही दर वेळी पाच मिनिटं थांबतो.