हुकूम वाचून दाखवणारे आजोबा

गिरगावातल्या मोफत वाचनालयात रोज सकाळी एक आजोबा येतात. नव्वदीकडे झुकलेले, एकटेच. आधी हात धुतात, मग पेपर उघडतात आणि ओठ घट्ट मिटून वाचतात. कोणी बातमी मोठ्याने वाचू लागलं, की उठून बाहेर जातात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा मी जरा फुशारकीनेच सांगितलं, "आमच्या घरात पहिला ग्रॅज्युएट मीच."

ते हसले. "आमच्या गावात पोर्तुगीज वाचता येणारा मी एकटाच होतो रे. तेच भोवलं."

गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं. पोलिसांनी देवळासमोर गाव जमवला आणि कोणाकोणाला पकडायचं त्या यादीचा हुकूम यांना कोकणीत वाचून दाखवायला लावला. यांनी वाचला. पुढे गोवा मुक्त झाला, तुरुंगातून सुटलेल्यांना हार घातले गेले आणि गावाने यांना खबऱ्या ठरवलं. यादी यांनी दिली नव्हती, पण विचारतंय कोण? जत्रेत प्रत्येक घराचं नाव पुकारून प्रसादाचा नारळ देतात. यांच्या घराचं नाव पुकारणं बंद झालं. आई रिकाम्या हातांनी परतली, तेव्हा यांनी गाव सोडलं.

"आता तिथे ओळखणारं कोण उरलंय, आजोबा? जाऊन या की."

"गेलो होतो गेल्या वर्षी. नारळ मिळाला."

"मग झालं की!"

"कसलं झालं? पुजाऱ्याने विचारलं, पाहुणे कुठले? मी म्हटलं, मुंबईचे."