कोपराच्या आतलं निळं वर्तुळ

सतरा मे, हळदीचा दिवस. हजर : नवरी वर्षा, तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, पार्लरवाल्या जुबेदा आपा, आणि यादीची वही घेऊन मी.

वडवणीत स्टँडमागच्या गल्लीत आपांचं एका खोलीचं पार्लर होतं. नवीन क्रीम घेऊन कुणी गेलं की आपा ती आधी चेहऱ्याला लावतच नसत. कोपराच्या आत वाटाण्याएवढी लावायच्या, भोवती निळ्या पेनानं वर्तुळ काढायच्या आणि बाईला घरी पाठवायच्या. दोन दिवसांनी वर्तुळात लाली नाही, खाज नाही, तरच पुढचं काम. मी एकदा म्हटलं, डबीवर सगळ्या त्वचेला चालते असं छापलंय. आपा म्हणाल्या, "डबीवर कायबी लिवतेत, बाई. तुमच्या कातड्यानं कुटं वाचलंय ते?"

त्यांची दुसरी शिस्त, एका वेळी एकच नवी वस्तू. "तीन चिजा संगं लावल्या अन् तोंड सुजलं, तर गुन्हेगार कोन, कसं कळायचं?" लावल्या लावल्या चुरचुरणारी क्रीम त्यांना परवडायची, कारण ती लगेच पुसता येते. भीती त्यांना गप्प राहणारीची. "कातडं लई येळानं बोलतंय," त्या सांगायच्या, "तवर थांबायचं."

वर्षाच्या लग्नासाठी नव्या क्रीमचा हट्ट माझा होता. आपांनी पाच दिवस आधी थोडी क्रीम छोट्या डबीत काढून माझ्या हातात दिली आणि वर्षाला कशी लावायची ते दोनदा समजावलं. मी वहीत नोंद केली. मग आचारी, मंडप, आहेराच्या साड्या. डबी पर्समध्येच राहिली.

हळदीच्या सकाळी वर्षा आंघोळीला गेली होती. आपा सामानाची पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, "लावून बघितलं व्हतं ना? काय झालं न्हाई ना?"

मी हो म्हटलं. वर्षाच्या हातांवर मेंदी कोपराच्या वरपर्यंत चढली होती, वर्तुळ दिसण्याचा प्रश्नच नव्हता. आपांनी माझ्या शब्दावर काम केलं. त्या आत गेल्या तेव्हा मी वहीतल्या त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. न झालेल्या कामापुढे अशी खूण मी त्याआधी कधीच केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्षाचे डोळे सुजून बारीक झाले होते आणि गालांवर लाल चट्टे होते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. अक्षता पडेपर्यंत सूज पुरती उतरली नाही. नवरी घुंगट घेऊनच बसली. पाहुण्यांतली एक बाई म्हणाली, फोटोतली मुलगी वेगळीच होती का?

निरोप मिळताच आपा धावत आल्या होत्या. थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवता ठेवता त्यांनी रुमालासाठी इकडेतिकडे पाहिलं. बाजूला माझी पर्स उघडी होती. आत ती डबी, त्यांनी भरून दिली होती तशीच, काठोकाठ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पर्सची चेन ओढून बंद केली.

ताई तोंडाला येईल ते बोलली. आपा एवढंच म्हणाल्या, "चूक माझीच हाय, ताई. म्या सोता बघायला पायजे व्हतं."

मी तिथेच उभी होते.

ताईनं गल्लीभर सांगितलं. त्या वर्षी एकही नवरी आपांकडे गेली नाही. दिवाळीनंतर पाटी उतरली आणि आपा तेलगावला लेकीकडे राहायला गेल्या. गेल्या महिन्यात वडवणीच्या बाजारात भाजी घेताना भेटल्या. मी वळून जाणार होते, त्यांनीच हाक मारली. विचारलं ते वर्षाबद्दल. "पोरीला डाग तर न्हाई ना राह्यला?"

नाही म्हटलं.

"मग बास," म्हणाल्या, आणि पिशवीतल्या दोन काकड्या माझ्या हातात दिल्या.

माझी जुनी सवय आहे : राहिलेली कामं रोज रात्री पुढच्या पानावर उतरवायची. आजच्या पानावर चार होती. गॅसची टाकी आली, वीजबिल भरलं, शिंप्याकडून ब्लाउज आणले. ताईचं घर आमच्यापासून चौथं. 'ताईला डबीचं सांगणे' ही ओळ उद्याच्या पानावर उतरवून ठेवली आहे.