घरी लागन नं, भौ?

शेलूबाजारच्या स्टँडजवळ आमचा फोटो स्टुडिओ आहे. आता तिथे पासपोर्ट फोटो, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म एवढंच चालतं, पण एके काळी आसपासच्या गावांतली लग्नं आम्ही डीव्हीडीत भरून दिली आहेत. शूटिंग संतोषचं, मिक्सिंग माझं, आणि गिऱ्हाइकाचा प्लेअर रुसला की मंगरूळचे हनीफभाई. तिघं चहाला बसलो की एक किस्सा निघतो, त्याला दुसरा चिकटतो आणि चहा थंड होतो. मला वाटायचं, डीव्हीडीचा जमाना संपला की किस्सेही संपतील. कुठलं काय! आता लोक त्याच चकत्या पेन ड्राइव्हवर टाकायला आणतात आणि किस्से वाढतच चाललेत.

डिस्क हातात घेताना प्रत्येक गिऱ्हाइकाचा प्रश्न मात्र ठरलेला. "घरी लागन नं, भौ?"

घरच्या प्लेअरवर डिस्क चालेल ना, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. लग्न काही पुन्हा लावता येत नाही. पाहुणे जमवले, टीव्हीसमोर सतरंजी अंथरली आणि पडद्यावर 'नो डिस्क' आलं, की त्या घरचा आनंद गेला आणि तालुक्यातून आमचं नावही गेलं!

* * *

कोऱ्या डिस्क दोन जातीच्या यायच्या, मायनस आर आणि प्लस आर. दिसायला जुळ्या बहिणी. पण काही प्लेअरना एक चालायची, काहींना दुसरी, आणि बहुतेक जुन्या प्लेअरना मायनसच.

कारंज्याच्या एका लग्नात मुलाकडे जुना प्लेअर होता, म्हणून त्यांना मायनस दिली. मुलीकडे नवा होता, त्यांना प्लस. झालं! मुलाचे वडील दुसऱ्या दिवशी दुकानात हजर.

"पोरीवाल्याइले प्लस अन् आमाले मायनस? आमी वरपक्ष हावो!"

संतोषने त्यांना जीव तोडून समजावलं. पटलं नाही. शेवटी दिली प्लस. दोन दिवसांनी परत आले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "मायनसच दे बावा. पन डब्यावर प्लस लिहून दे!"

* * *

एका व्यापाऱ्याने नागपूरहून भारीतला प्लेअर आणला. चांगल्या कंपनीचा, चकचकीत. आमची डिस्क त्याने तोंडात घेतली आणि बाहेर काढून दिली. दुसरी दिली, तीही बाहेर. व्यापारी आमच्यावर डाफरायला लागला. मग हनीफभाईंनी पिशवीतून आपला चायना प्लेअर काढला. वरचं झाकण नाही, आत लेन्सची हालचाल उघड्यावर दिसते! त्याने मायनस वाचली, प्लस वाचली, ओरखडे पडलेली भजनाची सीडीसुद्धा वाचली.

व्यापारी म्हणाला, "अन् याले तं झाकन बी नाही!"

हनीफभाई शांतपणे म्हणाले, "इसीलिए शरम नहीं है इसको, सेठ. जो मिले सो खा लेता है!"

* * *

आरडब्ल्यू नावाची डिस्क पुसून पुन्हा लिहिता यायची. तिची चमक कमी, म्हणून जुन्या प्लेअरना ती दिसतच नसे. पण एका नवरदेवाला आम्ही हौसेने ही नवलाई दाखवली. तो बायकोसोबत डिस्क न्यायला आला होता. लग्न होऊन महिनाही झाला नसेल.

"म्हंजे सारं पुसून नवं टाकता येते?" त्याचे डोळेच चमकले.

बायकोने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भाऊ, तुमी पक्कीच द्या!"

* * *

डबल लेअरचा किस्सा संतोषनेच सांगावा, कारण शिव्या त्याने खाल्ल्या. या डिस्कमध्ये एकाखाली एक असे दोन थर असतात. वरचा वाचून झाला की प्लेअरने खालच्यावर जायचं. पुष्कळ जुने प्लेअर तिथेच दम सोडायचे.

एका पाटलाने हट्टच धरला, सगळं लग्न एकाच चकतीत पाहिजे. दिलं. अंगणात टीव्ही लागला. अर्धं गाव जमलं. हळद झाली, वरात झाली, नवरा-नवरी हार घेऊन उभे राहिले, मध्ये अंतरपाट, आणि चित्र थिजलं! बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा हळद, पुन्हा वरात, पुन्हा अंतरपाट, पुन्हा थिजलं. अंतरपाट काही हलेना.

नवरीची आजेसासू पुढेच बसली होती. बराच वेळ पाहून ती म्हणाली, "अवं, यायचं लगन तं लागलंच नाही! मंग हे पोरगी कोन होय आपल्या घरात?"

आतून नवरी ओरडली, "मंग जाऊ का माहेरी, आजी? सैपाक तुमी पाहा!"

* * *

मध्यंतरी वाशीमच्या एका सरकारी कार्यालयात कार्यक्रमाचं शूटिंग डीव्हीडीवरच जमा करायचं होतं. नियम जुना, कॉम्प्युटर नवे. एकाही कॉम्प्युटरला डिस्क घालायला जागा नाही! तिथल्या बाबूंना मी विचारलं, "साहेब, लावून तरी पाहणार कशावर?"

ते म्हणाले, "पाह्यचं कोनाले हाये? फायलीत पाह्यजे." आणि त्यांनी फाइलची दोरी डिस्कच्या मधल्या भोकातून ओवली, गाठ मारली आणि डिस्क फिरवून कौतुकाने पाहिली. "पंचिंगचं कामच नाही. कंपनीनंच भोक पाडून देल्लं!"

* * *

आता हा शेवटचा, अगदी अलीकडचा.

वाशीमजवळ मेथी-वांगी पिकवणारे नामदेवभाऊ दुकानात आले. साठीचे असतील. हातात प्लास्टिकचा डबा, आणि डब्यात पुरीएवढ्या छोट्या डीव्हीडी. जुन्या हँडीकॅममध्ये बसायच्या त्या.

"यात मायची शूटिंग हाये," ते म्हणाले. "माय गेली आता. तिचा फोटो एकच, आधार कार्डावरचा. थो तं तिचा वाटतच नाही. यात ते बोलते. पाह्यचं हाये एक डाव."

मी डिस्क कॉम्प्युटरला लावली. कोरी! दुसरी लावली, तीही कोरी. मग डोक्यात प्रकाश पडला. त्या कॅमेऱ्यांत शूटिंग झालं की 'फायनलाइज' म्हणून एक बटण दाबावं लागायचं. ते दाबलं नाही, तर डिस्क बाकी कुणालाच वाचता येत नाही. ज्या कॅमेऱ्याने लिहिली तोच, फार तर तसलाच दुसरा, तिला ओळखतो.

"भाऊ, कॅमेरा कुठं आहे?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "वाटनीत किसनाकडं गेला."

किसना म्हणजे धाकटा भाऊ. वाटणीत मोटारपंप, भांडी, बैलजोडी असं सगळं वाटून झाल्यावर कॅमेरा उरला. पंचांनी न्याय केला, एकाने कॅमेरा घ्यावा, एकाने चकत्या! पुढे धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, दोघांचं बोलणं बंद झालं. याच्याकडे आई, त्याच्याकडे तिला दाखवणारं यंत्र, आणि दोघांनाही काही दिसत नाही. असला न्याय मी जन्मात ऐकला नव्हता.

मी किसनाभाऊंना फोन केला. ते म्हणाले, "कॅमेरा देत नाही. ज्याले पाह्यचं त्यानं इथं यावं."

नामदेवभाऊंनी तोंड फिरवलं. "त्याच्या दारात? मी?"

आणि निघून गेले. मला वाटलं, विषय संपला. वाईटही वाटलं. तसला दुसरा कॅमेरा मी आणि संतोषने खूप शोधला, मिळाला नाही. पण पुढच्या आठवड्यात ते स्वतःच आले. "चाल. पन तू सोबत पाह्यजे." डबा घरीच ठेवला होता. एकच चकती रुमालात गुंडाळून खिशात घातली होती.

किसनाभाऊंच्या घरात कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. मी कॅमेऱ्याची वायर बोर्डाला लावली, दुसरी टीव्हीला. डिस्क आत टाकली. कॅमेरा घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. पोटच्या पोरांना आई दिसेल की नाही, हे आता त्या जुनाट डबड्याच्या हातात होतं.

आणि दिसली. मेथीच्या वाफ्यात बसलेली, लुगड्याचा पदर कमरेला, समोर जुड्यांचा ढीग. कॅमेऱ्याकडे पाहून खेकसली, "किसना, थे डबडं ठेव अन् जुड्या बांध! नाम्या कवाचा एकटाच करून राह्यला!"

दोघंही एकदम हसले. हसता हसता नामदेवभाऊंनी रुमाल डोळ्यांना लावला. किसनाभाऊंनी डिस्क मागे घेऊन पुन्हा तेच लावलं. दोघं पुन्हा हसले.

मीही खुशीत आलो. म्हटलं, "आता फायनलाइज करून टाकतो. एकच बटण आहे. मग दुकानात पेन ड्राइव्हवर घेतो, दोघांच्या घरी लागेल!" स्क्रीनवर हो की नाही विचारलं. मी बोट नेलं.

"नोको दाबू," नामदेवभाऊ म्हणाले.

मला वाटलं, त्यांना समजलं नाही. "अहो भाऊ, नाही दाबलं तर ही तुमच्या घरी कधीच लागणार नाही!"

"थे समजलं मले," ते म्हणाले. मग किसनाकडे न पाहताच बोलले, "उद्या दुसरी आनतो."