यात कुणी गात नाही

तेरावं झालं, मुलानं माझी पिशवी गाडीत टाकली आणि हॉर्न वाजवला. मी कांदा साठवायच्या चाळीपाशी उभा होतो. आत निम्मा कांदा तसाच. माझी बायको सुमन रोज सकाळी तो हातानं उलथापालथा करून सडका बाजूला काढायची. वाळकी साल सळसळायची. मी काही बोलायला गेलो की म्हणायची, "बोलू नका, मना हात चुकस." बोललं की तिचा हात चुकायचा, सडका तसाच राहून जायचा. ती गेली आणि चाळ गप्प झाली. भावकी म्हणाली, नाना, जा मुलाकडं, एकट्याचं काय हाय इथं? निघालो. नामपूर मागं पडलं तेव्हा वळून बघितलं नाही. मान आखडली होती म्हणा, नाहीतर हिंमत नव्हती म्हणा.

नाशिकला पाथर्डी फाट्यावर चौथा मजला. उतरायला लिफ्ट, चढायला लिफ्ट, पण जायला कुठं नाय. सून घरूनच कंप्युटरवर नोकरी करते. तिचा स्पीकर चालू असतो, नुसतं वाजवणं. "नाना, शब्द असले की माझं लक्ष उडतं," म्हणाली. मला पहिल्यांदा वाटलं, वरातीतल्या बँडवाल्यांची भांडणं झालीत. एक इकडं पळतोय, एक तिकडं.

मग एका सकाळी त्यातला ड्रमवाला काठ्या सोडून तारेचे ब्रश फिरवायला लागला. सळ, सळसळ, सळ. मी चहा खाली ठेवला आणि उठून बाल्कनीत बघून आलो. कांदा निवडणारं कुणी नव्हतं.

तेव्हापासून ऐकतो. जॅझ म्हणतात त्याला. बोसा नोव्हा म्हणून एक प्रकार आहे, तो ब्राझीलचा. सुनेनं फोनमध्ये भरून दिलंय. वाजवणाऱ्यांची नावं माझ्या डोक्यात राहत नाहीत, वाजवणं राहतं. एक जण ट्रम्पेटच्या तोंडाला बूच लावून वाजवतो. रडू आलेला माणूस तोंडात फडकं कोंबून बोलतो, अगदी तसं. एक सॅक्सोफोनवाला चाल सोडून असा भलतीकडं निघतो की वाटतं, गेला, हरवला हा. मागचे त्याला हाका मारत नाहीत. ठेका धरून बसतात. तो फिरून फिरून बरोबर त्यांच्यात येतो. बोसा नोव्हातला गिटारवाला तर घरात कुणी आजारी झोपलंय असा वाजवतो. हे कुणी लिहून दिलेलं नसतं, तिथल्या तिथं सुचतं म्हणे. सुचलेलंच आहे ते. पाठ केलेलं असतं तर एवढं लागलं नसतं.

पुतण्या येऊन गेला, माझ्या कानातल्या वायरी बघून गेला. दुसऱ्या दिवशी माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा फोन.

"घरमा दुख शे नि तू गाना ऐकी राहिना?"

आमच्यात वर्ष होईपर्यंत गाणंबजावणं नाही. आक्का म्हणाली, बंद कर, नाहीतर "वर्षश्राद्धले कोनी येवाव नही." भावकी पानावर बसली नाही तर सुमनचं वर्ष पुरं कसं व्हायचं? घाबरलो. पण म्हटलं, "बंद करणार नाय. आधी ऐक तरी." आणि फोन स्पीकरपाशी धरला.

आक्का म्हणाली, "हाई काय गानं शे? कोनी गास बी नही."

"नाहीच गात. गाणारं असतं तर मला सोसलं नसतं."

ब्रश चालूच होता.

"मंग ऐक," म्हणाली. "पन हळूच."

तर भावकीतल्या लोकांनो, पुढच्या महिन्यात वर्ष भरतंय आणि मी नामपूरला येतोय. पानं वाढायच्या आधी चाळीत बसून एक वाजवणं ऐकणार आहे. हळूच. ज्याला पटत नाही त्यानं खुशाल नाक मुरडावं, पण जेवून जावं. आणि माझ्यासारखे जे गाव सोडून आलेत ते विचारतात, नाना, आता घर कोणतं? ही सळसळ जिथं ऐकू येते ते. नाशिक असो, नामपूर असो, तिथं मी तोंड मिटून बसतो. तिचा हात चुकायला नको.