पोटाकडची बाजू

भूतखेत, पिंडाला कावळा शिवणं, असलं काही आमच्या घरात चालत नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून नाहीच. त्यात मी गारगोटीत मुलांना जीवशास्त्र शिकवते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू यायला हवं... पण येत नाही.

माझा दादा अंदमानात नोकरीला होता. आम्हा दोघांनाही पतंगांचं वेड — कागदी नव्हे, दिव्यावर येणाऱ्या पतंगांचं. एका संध्याकाळी त्याने व्हरांड्यातल्या एका हॉकमॉथ पतंगाचा फोटो पाठवला. दणकट अंगाचा, एका पंखाचं टोक तुटलेलं. जात ओळख म्हणाला. फक्त त्या बेटांवरच सापडणाऱ्या दोन जाती वरून अगदी सारख्या दिसतात. फरक पोटाकडे, एकीचं पांढरं, दुसरीचं तांबूस. मी पोटाकडून फोटो मागितला. व्हॉइस मेसेज आला, "उडालं की गं ते. परत आलं की दावतो तुला."

त्याच आठवड्यात तो तापाने गेला.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या विधीच्या दुपारी घर पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी भरलं होतं. वंदना संपली, मी उठले आणि दादाच्या फोटोमागच्या खिडकीकडे लक्ष गेलं. काचेला बाहेरून एक हॉकमॉथ चिकटला होता. पोट आमच्याकडे — तांबूस. पंखाचं तेच टोक तुटलेलं.

शेजारच्या काकी पुटपुटल्या, "आला बघ लेक."

आई शांतपणे म्हणाली, "त्यो न्हाय त्यो. पाखरू हाय."

सामानातून आला असेल म्हणावं, तर दादाचं सामान अजून यायचंच होतं. नंतर पतंगवाल्यांच्या ग्रुपवर काचेवरच्या पतंगाचा फोटो टाकला. जाणकारांनी तांबूस पोटाची तीच जात सांगितली आणि विचारलं, अंदमानला कधी गेला होतात? गारगोटी म्हटल्यावर त्यांना ती थट्टा वाटली. पुढे मी वाद घातला नाही.

त्या दुपारी माणसं पांगली तरी मी खिडकीशीच उभी होते. आई जवळ आली. दादाचा तो मेसेज मी तिलाही ऐकवला होता.

"कळलं काय नाव?"

"व्हय."

ती काचेजवळ वाकली. मग म्हणाली, "मग सांग की त्याला."

त्याला म्हणजे कुणाला, हे मी विचारलं नाही. काचेला तोंड लावून ते लांबलचक लॅटिन नाव सांगितलं. आईला त्यातलं अक्षर कळलं नसणार. पण दादा गेल्यापासून ती रडली नव्हती, ती तेव्हा रडली.